बोट हलकं ठेवा

लोक मला विचारतात, "मॅडम, इतकी वर्षं कम्प्युटर क्लास चालवला, किती विद्यार्थी तयार केले?" खरं सांगू? आठवत नाही. जे भराभर शिकले ते सर्टिफिकेट घेऊन पुण्याला गेले आणि डोक्यातूनही गेले. लक्षात राहिले ते सगळे चुकणारे! आणि या चुकणाऱ्यांचं असं असतं की एकाची गोष्ट सांगायला घ्यावी, तर तेवढ्यात दुसरा जिना चढून वर आलेला असतो.

जिना म्हणजे आमच्या क्लासचा. मूर्तिजापूरला स्टेशनच्या रस्त्यावर, खतबियाण्याच्या दुकानावरची एक खोली. दोन सेकंडहँड लॅपटॉप, विटेएवढे जाड. मी शिकवायचे आणि शकीलभाई दुरुस्ती करायचे. शकीलभाई मूळचे घड्याळवाले. लोकांनी घड्याळं दुरुस्त करणं सोडलं तेव्हा त्यांनी तोच बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन लॅपटॉप खोलायला सुरुवात केली.

कापसाची ती फार वाईट वर्षं होती. खालच्या दुकानात माशा आणि आमच्याकडे गर्दी! शेतीतून काही निघत नाही, यातून निघालं तर पाहू, असं म्हणत लोक यायचे. आधी टचपॅडवर बोट फिरवायला शिकायचं, मग सीडी घालायला आणि काढायला. आमचा पहिला आठवडा एवढ्यातच जायचा.

*

बाळापूरचे एक रिटायर गुरुजी होते, नारायणराव. पांढरं धोतर, खिशाला दोन पेनं. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "गुरुजी, फाइल उघडायची असली की टचपॅडवर दोनदा टकटक करायचं."

गुरुजींनी बोट वाकवलं, पेराने टचपॅडवर दोनदा टकटक केलं, अगदी दारावर करतात तसं. आणि हात मांडीवर ठेवून बसले. एक मिनिट झालं, दोन झाली.

"काय झालं गुरुजी?"

"आतून कोनी येऊनच नाई राहिलं जी!"

सगळा क्लास हसला. गुरुजीही हसले.

आमचा कोर्स तीन महिन्यांचा. गुरुजींनी तो चार वेळा केला. दरवेळी परीक्षेत नापास! शेवटी मी उत्तरपत्रिका नीट पाहिली तेव्हा लक्षात आलं, सोपे प्रश्न चुकवले होते आणि अवघड बरोबर होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाले, "पास झालो तर उद्यापासून बोलू कोनासंग, पोरी?"

पाचव्यांदा आम्ही त्यांचं नाव परीक्षेच्या यादीतच घातलं नाही.

*

एका वर्षी कुठल्याशा योजनेतून गावोगाव सीड्या वाटल्या गेल्या. 'कापसाचे उत्पन्न दुप्पट कसे कराल?' ज्यांच्या घरी लाइट नव्हती त्यांनाही मिळाली. त्यानंतर आठवड्याभराने वासुदेवभाऊ नावाचे एक शेतकरी जिना चढून आले.

"मॅडम, बिघडलेल्या सीड्या हायत काय तुमच्याकडं?"

"काहून भाऊ?"

"ज्वारीत बांधाले. मले भेटली ते म्या दोऱ्यानं लटकावली. उन्हात अशी चमकते, पाखरू जवळ नाई येत!"

शकीलभाई म्हणाले, "अहो, पण त्या सीडीत काय आहे ते तर बघा एकदा."

भाऊंनी शेजाऱ्याकडची तीच सीडी खिशात आणली होती. शकीलभाईंनी ट्रे उघडला, सीडी बसवली. पडद्यावर टाय घातलेले एक साहेब बोलू लागले. वासुदेवभाऊंनी मन लावून पाहिलं. मध्येच माझ्याकडून शिकून घेऊन टचपॅडवर बोट सरकवलं, चित्र मागं नेलं, पुन्हा पाहिलं.

"साहेबाच्या मागं पाहा. कॅनाल हाय थ्या वावरात. आमच्या इकडं हाय काय कॅनाल?"

त्यांनी स्वतःच बटण दाबलं, ट्रे बाहेर आला, सीडी काढून सदऱ्याला पुसली आणि म्हणाले, "बोलन्यापेक्षा लटकून जास्त कामात येते!"

आम्ही हसणारच होतो. पण शेवटचा शब्द बोलून झाल्यावर भाऊंनी जीभ चावली. लटकणं हा शब्द त्या वर्षांत आमच्याकडे कुणी सहज वापरत नसे. बिघडलेल्या सीड्यांची पिशवी मी त्यांना दिली आणि ते खाली उतरून गेले.

*

कमलबाई म्हणजे जवळच्याच एका गावातल्या बचतगटाच्या सचिव. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून दोन मुली शिकवलेली बाई. गटाला लॅपटॉप मिळाला आणि तो चालवायला शिकायला यांना आमच्याकडे पाठवलं.

मी म्हटलं, "बोट हलकं ठेवा आणि सरकवा."

त्यांनी सरकवलं. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. मी सरकवलं, धावला. त्यांनी सरकवलं, पुन्हा ठप्प! दुसऱ्या लॅपटॉपवर नेलं, तिथेही तेच.

"याले समजते वाटते, कोन शिकेल हाय अन् कोन नाई ते," कमलबाई म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण पदराने कपाळ पुसलं.

मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. कापसाच्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. वेचून वेचून बोटांच्या टोकांची कातडी जाड झालेली, तडकलेली आणि उन्हाळी मातीसारखी कोरडी. टचपॅडला माणसाच्या कातडीचा ओलावा लागतो. त्या बोटांत तो उरलाच नव्हता.

शकीलभाईंनी ओलं फडकं दिलं. बोट ओलं केलं की बाण चार पावलं चालायचा आणि पुन्हा थांबायचा. बाई कंटाळल्या. "जाऊ द्या मॅडम. मशीनले बी मऊ हातच पायजेत."

दुसऱ्या दिवशी त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या! येऊन बसल्या, आणि डाव्या हाताची करंगळी टचपॅडवर ठेवली. बाण सर्रकन धावला.

"रातभर एक एक बोट पायलं म्या," त्या म्हणाल्या. "हे एकच उरलं होतं मॅडम. याच्यानं वेचता येत नाई ना कापूस."

त्या करंगळीने त्यांनी गटातल्या सगळ्या बायकांची नावं टाइप केली. प्रत्येकीचं पहिलं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. सहा जणींच्या नवऱ्याच्या नावापुढे 'कै.' लावायचं होतं. ते अक्षर आणि टिंब कुठे सापडतात ते त्यांनी मला सहा वेळा विचारलं नाही. एकदाच विचारलं.

*

अमरावतीला एकदा मला वनरक्षकांना शिकवायला बोलावलं होतं. तीन दिवसांचं ट्रेनिंग. जंगलात झाडांना कॅमेरे बांधलेले असतात. समोरून काही गेलं की फोटो आपोआप निघतो. ते फोटो लॅपटॉपवर घ्यायचे, निवडायचे, सीडीवर घालून ऑफिसात द्यायचे. वाघाचे एका फोल्डरमध्ये, इतर जनावरांचे दुसऱ्यात. आणि मनाई असलेल्या भागात माणूस दिसला तर तिसऱ्यात, पुढच्या कारवाईसाठी.

सेमाडोहकडचा रामलाल नावाचा एक वनरक्षक होता. हुशार, पण अबोल. पहिल्या दिवशीच त्याचं बोट टचपॅडवर असं फिरू लागलं की बाकीचे त्यालाच विचारायचे. अस्वल इकडे, सांबर तिकडे, रानडुक्कर इकडे. तीनशे फोटो होते, भराभर निवडत होता.

एका फोटोपाशी तो थांबला.

मी मागून पाहिलं. पहाटेचा उजेड, पायवाट, आणि डोक्यावर मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी. कॅमेऱ्याकडेच पाहत होती. हे यंत्र आपला फोटो काढतंय हे तिला माहीतच नसणार.

मी सवयीने बोलून गेले, "माणूस आहे. तिसऱ्या फोल्डरमध्ये."

रामलाल हलला नाही. त्याच्या शेजारी त्याच्याच गावचा एक वनरक्षक बसला होता. तो मान खाली घालून हळूच म्हणाला, "मॅडम, माय हाय त्याची."

रामलालने बाण हळूहळू खाली आणला, 'डिलीट'वर नेला आणि बटण दाबलं. फोटो गेला.

मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "बोट घसरलं मॅडम."

"टचपॅडवर घसरतंच," मी म्हटलं.

छापील वेळापत्रकाप्रमाणे पुढचा धडा होता, 'डिलीट झालेली फाइल परत कशी आणावी'. तो धडा मी त्या दिवशी शिकवला नाही.

*

अकोल्याला वधू-वर मेळावे व्हायचे. आधी पुस्तक छापत, मग सीडी निघू लागली. फोटो, उंची, शिक्षण, व्यवसाय. अशी एक सीडी घेऊन मधुकरराव आले. सोबत मुलगा, गजानन. पस्तिशीकडे झुकलेला, काळी आई कसणारा, अंगाने धिप्पाड आणि मानेने खाली. सात वर्षं मुली पाहणं चाललं होतं. खरं तर मुलीकडच्यांनी यांना पाहणं चाललं होतं.

मधुकररावांनी सीडी टेबलावर ठेवली. "मॅडम, यात आमच्या गजाननचं नाव हाय. थे जरा उघडून पाहा."

मी उघडलं. फोटो चांगला आला होता. खाली लिहिलं होतं, 'व्यवसाय: शेती'.

"एवढं खोडता येईन काय?"

"काय खोडायचं?"

"शेती," मधुकरराव म्हणाले. "तिथं दुसरं काई टाका. दुकान टाका, नाईतर नुसतं प्रायव्हेट टाका. त्या शब्दापाशी आले का लोकं पुढं वाचतच नाईत जी."

मी समजावलं की या सीडीवर एकदा लिहिलं की पुसता येत नाही. शकीलभाई म्हणाले, "नवी बनवता येईल. पण मेळाव्यातून घरोघर गेल्या असतील, त्या कशा बदलणार?"

मधुकरराव ऐकेनात. "तुमी करून तर पाहा! मशीन हाय ना तुमच्याकडं!" आवाज चढला. ज्या माणसाने उभ्या जन्मात आपण शेतकरी आहोत हे ताठ मानेने सांगितलं असेल, तो माणूस टेबलावर हात आपटून ते खोडायला सांगत होता.

तेव्हा गजानन पहिल्यांदा बोलला. "राहू द्या ना बाबा. सीडीतून काढून काय होते? आंगाले वास येते तिचा."

मधुकररावांनी मुलाच्या शर्टाच्या बाहीवरची सुकलेली माती नखाने काढायला सुरुवात केली. बराच वेळ काढत होते.

*

शकीलभाईंचे अब्बा कधीकधी क्लासवर येऊन बसायचे. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बसवायचे. म्हातारपणी हात थरथरायला लागले तसं घड्याळ उघडणं बंद केलं. चहाची बशीसुद्धा शकीलभाई धरायचे, पण लोकांसमोर नाही. लोक असले की अब्बा म्हणायचे, चहा नको.

एके दुपारी क्लास रिकामा होता. मी गमतीने म्हटलं, "अब्बा, या, तुम्हीपण शिका." चित्र काढायचा प्रोग्राम उघडून दिला. अब्बांनी टचपॅडवर बोट ठेवलं आणि सरळ रेघ ओढली.

पडद्यावर रेघ उमटली ती करवतीच्या दातांसारखी. बोटाचा बारीकातला बारीक कंप त्या यंत्राने टिपला होता आणि हातभर मोठा करून दाखवला होता.

अब्बांनी हात मागे घेतला. "ये तो चुगलखोर है, शकील," ते म्हणाले. "जो मैं बरसों से छुपा रहा हूँ, इसने एक मिनट में बता दिया."

शकीलभाईंनी पुढे होऊन अब्बांच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दोघांनी मिळून रेघ ओढली. ती बरीचशी सरळ आली.

"ये मेरी नहीं है," अब्बा म्हणाले आणि टोपी नीट करून घरी गेले.

अब्बा त्याच हिवाळ्यात वारले. शकीलभाईंच्या लॅपटॉपवर पडदा उघडला की फुलं नाहीत, डोंगर नाहीत. ती करवती रेघ आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, स्क्रीन खराब झाली वाटते तुमची!" शकीलभाई म्हणतात, "हो, झाली थोडी."

*

आता सुनीताची गोष्ट सांगते. ही मी फार कमी वेळा सांगितली आहे.

सुनीता अंगणवाडीत मदतनीस होती. मुलगी वैष्णवी, नऊ वर्षांची. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. त्याचा घरात एकच फोटो, तोही रेशनकार्डावरचा. एक दिवस सुनीता लग्नाची सीडी घेऊन आली. "हिले बाबा चालताना पाहाचा हाय मॅडम. हिच्या ध्यानातून जाऊन राहिला तो."

आम्ही सीडी लावली. लग्नभर नवरदेवाच्या तोंडावर मुंडावळ्या, त्यात फोटोवाल्याचा सगळा भर जेवणाच्या पंगतीवर! त्याचा चेहरा नीट दिसतो तो एकाच ठिकाणी. मेहुण्यांनी चपला लपवलेल्या असतात, तो मंडपाच्या दाराशी मुंडावळ्या बाजूला करून मागे वळतो आणि हसतो. बरोबर तिथेच सीडीवर ओरखडा होता. चित्र अडकलं. वळलेला, हसणारा माणूस, तसाच. मिनिटभराने सीडी खरखरली आणि एकदम वरातीत गेली.

शकीलभाईंना वाईट वाटलं. "दोन दिवस ठेवा. मी साफ करून देतो." दोन दिवस ते ती सीडी मऊ कापडाने घासत होते, भिंगातून पाहत होते, पुन्हा घासत होते. घड्याळाच्या काचेलासुद्धा त्यांनी इतकं जपलेलं मी पाहिलं नव्हतं.

मायलेकी परत आल्या. शकीलभाईंनी मोठ्या आनंदाने सीडी लावली. कुठेही अडकली नाही. तो दाराशी आला, वळला, हसला आणि गेला. दोन सेकंद.

वैष्णवी पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, पयल्यासारखं अटकवून द्या ना."

शकीलभाईंचा चेहरा पाहवेना. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. "तू स्वतःच थांबव ना त्याला! हे बघ, बाण इथे ठेवायचा आणि टचपॅडखालचं हे बटण दाबायचं. की चित्र थांबतं."

पहिल्यांदा तिने दाबेपर्यंत वरात निघाली होती. दुसऱ्यांदा लवकर दाबलं, नुसती पाठ आली. तिसऱ्यांदा डोळे मिटलेले आले. तिला ते चालेना. मी सीडी मागे नेत होते, ती दाबत होती. सुनीता भिंतीला टेकून उभी. आठव्या की नवव्या वेळी वैष्णवीने बटण दाबलं आणि तो सापडला. मुंडावळ्या बाजूला, मान वळलेली, दात दिसतायत, आणि नजर बरोबर आपल्याकडे.

"सापडला!" शकीलभाई ओरडले.

वैष्णवी बटण दाबून बसली होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बोटाचं टोक पांढरं पडलं. मी म्हटलं, "आता सोडलंस तरी चालतं, तो थांबलाय." तिने ऐकलं नाही.

सुनीता जवळ आली. तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सोड व माय बोट. बाबा कुठी नाई जात."

वैष्णवीने पडद्यावरची नजर काढली नाही.

"मागच्या बारीले बी तू असंच म्हणली होती."